लिबरल म्हणजे पोट भरलेला माणूस? मग माझा कांदा कोणी अडवला?

बांधावरून

परवा 'सडेतोड' यांनी इथं लिहिलं की क्लासिकल लिबरॅलिझम, म्हणजे माणसाच्या मालमत्तेत आणि व्यवहारात सरकारने कमीत कमी हात घालावा हा विचार, हे पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे. ज्याच्याकडे मालमत्ता त्यालाच मालमत्तेच्या हक्काचा पुळका, गरिबाला शेवटी सरकारच लागतं, आणि शेतकऱ्याने तर लॉक-मिल या इंग्रज विचारवंतांच्या नादी लागूच नये, असं एकूण म्हणणं. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी दोन दिवस गप्प बसलो पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबलं तर सोडून द्या.

माझी चार एकर, त्यात दोन एकर कांदा. ७ डिसेंबर २०२३, गुरुवार, शेजाऱ्याची ट्रॉली क्विंटलला साडेतीन हजाराच्या वर गेली. माझा कांदा काढून, पात कापून शेतात ढीग लावून ठेवलेला, सोमवारी न्यायचं ठरलेलं. शुक्रवारी सकाळी मोबाईलवर आलं, एक्सपोर्ट बंद, ३१ मार्चपर्यंत. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, आणि शेवटी माझी ट्रॉली उभी राहिली तेव्हा अठराशे. आता शहरातल्या लोकांना हे माहीत नसतं की डिसेंबरात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल कांद्याला थोड्याच दिवसांत कोंब येतात नाहीतर तो पाणी सोडतो. म्हणजे बंदी कधी घातली, तर नेमकी ज्या महिन्यात मला थांबताच येत नाही त्या महिन्यात. ऑगस्टमध्ये ४० टक्के ड्युटी लावून झालीच होती. मे २०२४ मध्ये बंदी उठवली ती पण ५५० डॉलर टनाचा किमान दर आणि तीच ४० टक्के ड्युटी ठेवून. ड्युटी शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. २०१९ ला हेच, २०२० ला हेच. २०२० ला तर जूनमध्ये अध्यादेश काढला की कांदा आता जीवनावश्यकच्या कायद्यातून मोकळा, शेतकरी स्वतंत्र झाला, आणि १४ सप्टेंबरला निर्यातबंदी.

यात पोट भरलेला कोण ते सांगा. मी पिकवलं, माझ्या घामाचं, घेणारा दुबईत पैसे घेऊन तयार, आणि मधे तिसराच माणूस म्हणतो विकायचं नाही. याला अन्याय म्हणणारा एकच विचार मी आयुष्यात ऐकला. डावे म्हणतात हमीभाव देऊ, उजवे म्हणतात सन्मान निधी देऊ, देणारे सगळे, वाटेतून बाजूला व्हा म्हटलं की कोणी होत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले आणि १९८० ला चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर आले, ते काय पोट भरलं म्हणून? 'भीक नको, हवे घामाचे दाम', यापेक्षा सोप्या मराठीत लिबरॅलिझम कोणी सांगितला असेल तर मला दाखवा.

आणि सरकारवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांनी १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती बघावी. नववं परिशिष्ट. त्यात कायदा टाकला की मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात जायचं दार तेव्हा बंद. १३ कायद्यांनी सुरुवात केली, आज २८४ आहेत. पुढे १९७८ ला मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला. आज या देशात पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९ अ. लिबरल माणसाला पक्ष काढायचा तर पहिल्याच कागदावर खोटं लिहायला लागतं, आणि वर आम्हालाच विचारता तुमचा पक्ष का नाही.

सडेतोड

कांद्याचं जे झालं ते वाईटच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण निर्यातबंदीला विरोध करायला लॉक लागत नाही, लाल बावटावाले पण बंदीच्या विरोधातच होते. तुम्ही एका बरोबर तक्रारीवर अख्खं तत्त्वज्ञान विकताय.

हे तत्त्वज्ञान आपल्याच भागात एकदा राबवून झालंय. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, दख्खन. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारचं धोरण काय होतं, तर धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही, भाव चढले की धान्य आपोआप येईल. आलं का? रेल्वे झाली होती, पण रेल्वेने धान्य जिथे पैसा तिथे गेलं, भुकेल्याकडे पैसाच नव्हता. त्या वर्षांत हिंदुस्थानातून गहू विलायतेला जातच होता. आणि सर रिचर्ड टेंपल, ज्याने आधी १८७४ ला बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली होती, तोच इथे येऊन दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा ठरवतो. दिवसभर खडी फोडून एक पौंड. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याच्या विरोधात अर्जामागून अर्ज केले. मजुरी कापली म्हणून कामावरच्या लोकांनी कामं सोडली. लाखो माणसं मेली.

आणि न्यायमूर्ती रानडे, ज्यांना तुम्ही पण उदारमतवादीच म्हणाल, त्यांनी १८९२ ला डेक्कन कॉलेजात भाषण देऊन स्पष्ट सांगितलं की इंग्रजांचं अर्थशास्त्र म्हणजे काही निसर्गाचे नियम नाहीत, देश-काल बघावा लागतो, उद्योग उभे करायला सरकारने पुढे यावं. गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. सक्तीच्या! आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या लिबरल माणसांना सरकार नको नव्हतं, सरकार करत नव्हतं म्हणून ते भांडत होते.

बांधावरून

दुष्काळ पडला की शेतसाऱ्याची सूट द्यायची ती इंग्रजांनी द्यायला नको का? शेतकऱ्याकडून सारा रोख घ्यायचा, त्यासाठी त्याला सावकाराच्या दारात उभं करायचं, १८७५ ला सुप्याला वह्या जाळल्या त्या कशासाठी? घेताना सरकार पुढे आणि देताना म्हणतं आम्ही बाजारात ढवळाढवळ करत नाही. याला तुम्ही मुक्त बाजार म्हणता? खिसा कापून झाल्यावर म्हणायचं तू स्वतंत्र आहेस, जा. परक्याने बंदुकीच्या जोरावर चालवलेलं राज्य लिबरल कसं असेल?

सडेतोड

बरोबर, जिथे फसलं तिथे ते खरं लिबरल नव्हतंच. कम्युनिस्ट पण हेच म्हणतात रशियाबद्दल. मिल स्वतः १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता आणि स्वातंत्र्यावरच्या त्याच पुस्तकात मागासलेल्या समाजांना हे लागू नाही, त्यांना हुकूमशाहीच योग्य, असं लिहून बसलाय. मागासलेले म्हणजे कोण, तुमचे आमचे पणजोबा.

पांढरं_सोनं

बांधावरून भाऊंच्या बाजूने बोलतो. आमच्या विदर्भात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. पिकवा तुम्ही, विकायचा फक्त सरकारला, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. बाबा सांगायचे, रात्री बैलगाडीत कापूस भरायचा, वर कडबा टाकायचा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून घ्यायच्या आणि बॉर्डर पार करायची, पलीकडे व्यापारी रोख द्यायचा. पकडलं तर कापूस जप्त. स्वतःच्या शेतातला कापूस चोरून न्यायचा! इकडे केंद्रावर गाडी लावली की चार-चार दिवस मुक्काम, ग्रेडर म्हणेल तो ग्रेड, आणि चुकारा कधी मिळेल देव जाणे. माझ्या आत्याच्या लग्नाची तारीख चुकारा आला नाही म्हणून पुढे गेली.

आता बियाण्यात तेच. तणनाशकाला टिकणाऱ्या कपाशीचं बियाणं अख्ख्या जिल्ह्यात चोरून लावतात, मजूर मिळत नाही निंदणाला म्हणून. परवानगी नाही. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने उघड लावलं, कायद्यात तेव्हा पाच वर्षं जेल आणि लाखाचा दंड होता तरी. चोरून घेतो म्हणून पाकिटावर कंपनीचं नाव नाही, बिल नाही, बोगस निघालं तर तक्रार कोणाकडे करणार? बंदीने बियाणं थांबलं नाही, फक्त आमची पावती गेली.

पण एक सांगतो, खोटं बोलणार नाही. एकाधिकार सुटल्यावर काय स्वर्ग आला नाही. व्यापारी आले, भाव पाडला की सगळे एकदम पाडतात. बाबाच मग म्हणायचे की काही सालं बरी गेली होती त्या केंद्रावर.

हमालाचं_पोर

मी सहसा लिहीत नाही इथे. पण 'करार', 'स्वेच्छा', 'मधे तिसरा नको' हे वाचून राहवलं नाही.

माझे वडील भुसार बाजारात हमाल होते, तीस वर्षं. तेव्हा गोणी क्विंटलची. शंभर किलो. ट्रकला फळी लावलेली असते, एक फूट रुंद, ती वाकते मधे, त्यावरून शंभर किलो पाठीवर घेऊन वर चढायचं, दिवसाला किती खेपा ते मोजायचं नाही, नग मोजायचे कारण पैसे नगावर. वडिलांच्या मानेच्या मागे एक गाठ होती, लिंबाएवढी, कडक, आम्ही लहानपणी त्यावर बोट दाबून बघायचो आणि ते म्हणायचे दुखत नाही. पन्नाशीत गुडघे गेले. संडासला बसता यायचं नाही, आईने खुर्चीला भोक पाडून घेतलं होतं सुताराकडून.

कोणी बंदूक लावली नव्हती. स्वेच्छेने उचलायचे. मुकादमाला एकदा म्हणाले ताप आहे, आज पोती जरा हलकी द्या, तर मुकादम म्हणाला राहू दे, गेटवर दहा जण उभे आहेत. हा तुमचा करार. शंभराची गोणी पन्नासची झाली ती बाजाराने नाही केली, हमाल पंचायतीने वर्षानुवर्षं भांडून करून घेतली. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हा पहिल्यांदा हमालाला भविष्य निर्वाह निधी म्हणजे काय ते कळलं. व्यापारी तेव्हा हेच म्हणत होते, आमचा आणि हमालाचा खाजगी व्यवहार आहे, सरकार मधे कशाला.

बांधावरून

दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दुसरी बाजू पण ऐका. माझ्याकडे हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा आहे. हमाली, तोलाई, वाराई, भराई, बारदान, मोटारभाडं. एका पट्टीत लसणाच्या सहा गोण्या नेल्या आणि सगळं कापून माझ्या हातात अकराशे चाळीस रुपये. गोणी पन्नासची झाली तेव्हा नग दुप्पट झाले, बारदान दुप्पट लागलं, ते कोणाच्या पट्टीतून गेलं? व्यापाऱ्याच्या? तोलाई तर इलेक्ट्रिक काट्यावर वजन झालं तरी कापायचे, तोलणारा काट्याला हातसुद्धा लावत नाही. संरक्षण तुम्हाला मिळालं त्याचं बिल मी भरलं. आणि ठरलेल्या टोळीशिवाय दुसऱ्या कोणाकडून माल उतरवून घेतला तर ट्रॉलीच अडवतात. माझी दोन पोरं रिकामी उभी असतात, उतरवू शकतात, पण नाही. हा कुठला न्याय?

हमालाचं_पोर

बिल तुम्ही भरलं? तीस वर्षं तुमच्या मालाचं बिल माझ्या बापाच्या मणक्याने भरलं, ते धरा आधी हिशेबात. अडत्या सहा-आठ टक्के कापायचा तेव्हा त्याच्या पाया पडायचात दिवाळीला उचल पाहिजे म्हणून, आणि हमालाचे गोणीमागचे चार रुपये डोळ्यात खुपतात. तुमची पोरं एक दिवस हौसेने उतरवतील. तीस वर्षं उतरवा म्हणावं.

बांधावरून

पाया वगैरे कोणाच्या पडलो नाही कधी. तोंड सांभाळून बोला. आम्ही उन्हात काय सावलीत बसून पिकवतो का? माझ्या बापाचा अंगठा कडबाकुट्टीत गेला, त्याला कुठला बोर्ड होता, कुठला फंड? शेतकऱ्याला माथाडी नाही, पेन्शन नाही, आणि सगळ्यांचं पोट त्याच्याच पट्टीतून.

द्राक्षबाग

दोघेही थांबा जरा. बापांची तुलना करू नका, दोघांचेही झिजलेलेच आहेत.

माझं वेगळंच दुखणं आहे. २०१६ ला फळं-भाजी नियमनमुक्त केली, म्हणजे मार्केट कमिटीबाहेर विकायला मोकळी, अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, आम्ही पेढे वाटले. नंतर बाहेरचा एक व्यापारी आला, बांधावर येऊन रोख भाव बोलला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे चोख दिले, तिसऱ्या-चौथ्याला म्हणाला आठ दिवसांनी देतो, आणि पाचवी गाडी भरून जो गेला तो गेला. मोबाईल बंद. गाळ्यावर कुलूप. गावातले अकरा जण बुडालो. पोलिसांनी अर्ज घेतला, वकिलाने फी घेतली, तारखा चालू आहेत. मार्केट कमिटीत निदान लायसन्स धरून ओरडता तरी यायचं. मुक्त बाजार पाहिजेच, पण मुक्त बाजारात बुडवणाऱ्याला कोण धरणार ते पहिलं सांगा.

बांधावरून

हेच तर सरकारचं काम आहे! लिबरल माणूस सरकार नको असं म्हणतच नाही. करार मोडला तर धरून आणा, चोराला पकडा, निकाल वर्षात लावा. हे तीन सोडून सरकार कांद्याचा भाव, साखरेचा कोटा, कपाशीचं बी सगळं बघतं आणि कोर्टात जज नाही. दहा धंदे करतंय म्हणून जो एक करायला पाहिजे तो होत नाही.

द्राक्षबाग

हे मला पटतं. पैसे मात्र अजून आले नाहीत.

चरीची_माती

मालमत्तेचा हक्क पवित्र वगैरे वाचून इकडे अलिबागला हसू येत नाही, रडू येतं. खोत, म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करणारा वतनदार, जमिनीचा मालक होता ना? कागदावर त्याचीच मालमत्ता. माझी पणजी चरीची. १९३३ ला संप झाला, नारायण नागू पाटलांनी उभा केला, पंचवीस गावांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं शेतं ओसाड ठेवली. सहा वर्षं, भात पिकवणाऱ्या माणसांनी भात पेरला नाही. पणजी लाकडाच्या मोळ्या विकायची. डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला खोती नष्ट करायचं बिल आणलं. पुढे कूळकायदा, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आज आमच्या घरात जी दोन एकर आहे ती त्यामुळे आहे. बांधावरून साहेब, तुम्ही ज्या नवव्या परिशिष्टाला शिव्या घालताय ना, आमची चूल त्यावर पेटलेली आहे. कोर्टात गेले असते तर खोतच जिंकला असता, वकील त्याचाच होता.

बांधावरून

यावर मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडेल कदाचित. लॉक काय म्हणतो? जमिनीत ज्याने श्रम मिसळले त्याची ती. खोताने काय मिसळलं? नुसता कागद. मिल पण म्हणतो की जमीन कोणी माणसाने बनवलेली नाही, म्हणून जमिनीची मालकी इतर मालासारखी धरता येत नाही, कसणाऱ्याची मालकी चांगली. तुमच्या पणजीचं भांडण हे लिबरल भांडण होतं. कूळकायद्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. माझा विरोध नंतरच्या सीलिंगला, म्हणजे जमीन किती ठेवायची त्या मर्यादेला आहे, १९६१ चा कायदा, १९७५ ला अजून खाली आणला, बारमाही पाण्याची १८ एकर, कोरडवाहू ५४. आता तुमची ती दोन एकर घ्या, ती विकायची तर शेतकरीच घेणारा पाहिजे, कंपनीला नाही, बाहेरच्याला नाही, मालक केलं आणि हात बांधून ठेवले.

चरीची_माती

विकायला सोडली असती तर आमच्याकडे एक गुंठा राहिला नसता हो. मुंबईच्या समोरचा किनारा आहे हा. आहेत तेवढे कायदे असूनसुद्धा किती गेली ते येऊन बघा, गेटच्या आत गेटं. आणि लॉकचं म्हणाल तर कॅरोलिनाच्या ज्या राज्यघटनेत गुलामावर मालकाची पूर्ण सत्ता लिहिली होती तिच्या कामात तोच होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते. श्रम मिसळणाऱ्याची जमीन म्हणे. गुलामाने मिसळले तेव्हा कोणाची झाली?

लेक_माहेरची

सगळे बाप, आजोबा, पणजोबा आले. एकच पणजी आली, ती पण मोळी विकायला.

'स्वेच्छा' या शब्दावर मला बोलायचंय. हक्कसोडपत्र कोणी वाचलंय का नीट? मी वाचलंय, कारण मी सही केली आहे. त्यात लिहिलेलं असतं, "मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता". भावाने गाडी पाठवली, वहिनीने डबा दिला, रजिस्टर ऑफिसात बाकावर बसले, स्टँप वेंडर म्हणाला ताई वाचून घ्या. मी वाचलं. 'राजीखुशीने' वर बोट ठेवून थांबले. समोर भाऊ उभा, आई शेजारी पदराने घाम पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. सही केली. साडी-चोळी मिळाली. त्या जमिनीचा रस्त्याकडेचा तुकडा पुढच्या वर्षी विकला गेला.

कायद्याने माझा हक्क होता, महाराष्ट्रात १९९४ पासून मुलगी समान वारस आहे. दबाव कोणी टाकला? कोणीच नाही. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं एवढंच. आता बांधावरून दादा, तुमच्या तत्त्वज्ञानात हा करार वैध आहे की नाही? हमालदादाच्या वडिलांचा वैध की नाही? दोन्हीकडे सही राजीखुशीचीच आहे.

आणि हे लिबरल लोकांना शिव्या म्हणून लिहीत नाहीये. शरद जोशींच्याच संघटनेने १९८६ ला चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं, नंतर लक्ष्मीमुक्ती केली, गावात शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली की गाव लक्ष्मीमुक्त. मालमत्तेचा हक्क बाईपर्यंत नेणारी तीच माणसं होती, बाकीचे पक्ष तेव्हा आम्हाला शिलाई मशीन वाटत होते. पण माझ्या गावात ती आली नाही. स्वातंत्र्य कोणी येऊन देईल याची वाट बघायची तर मग सरकारची वाट बघण्यात आणि यात फरक काय?

पांढरं_सोनं

ताई, वाचून गप्प झालो. माझ्या बहिणीची सही मी पण घेतली आहे. तलाठ्याने सांगितलं म्हणून घेतली, एवढंच डोक्यात होतं.

लेक_माहेरची

आता डोक्यात आलं ना, मग आठ-अ, जमिनीचा खातेउतारा, काढा आणि जा तिच्याकडे.

सडेतोड

या धाग्यावरची सगळ्यात महत्त्वाची कमेंट ताईंची आहे. आणि गोणीवरून एवढी भांडणं झाली म्हणून सांगतो, बांधावरून यांच्या मिलनेच याचं उत्तर लिहून ठेवलंय. तो कामाच्या तासांचं उदाहरण देतो. समजा सगळ्या मजुरांना दहाऐवजी नऊ तास पाहिजेत आणि ते सगळ्यांच्या फायद्याचं आहे. पण बाकीचे नऊ करत असताना एकटा दहा तास करणाऱ्याला जास्त पैसे मिळणार, म्हणून एकेक जण फुटतो आणि शेवटी सगळे परत दहावर येतात. अशा ठिकाणी सगळ्यांची इच्छा टिकवायलाच कायदा लागू शकतो, असं तो स्वतः म्हणतो. शंभर किलोच्या गोणीला शब्दन् शब्द लागू पडतं. गेटवरचे ते दहा जण म्हणजे तेच.

बांधावरून

दोन दिवसांनी आलो, कापणी चालू होती.

मिलचं ते मी वाचलेलं नव्हतं. कोणी शिबिरात सांगितलं नाही कधी. बरोबर आहे ते, मान्य करतो, आणि नाइलाजाने करतोय असं समजा हवं तर. शंभर किलोची गोणी बंद व्हायला पाहिजे होती आणि ती गेटवर एकेकट्याने झाली नसती. हमालदादा, पाया पडण्यावरून मी चिडलो तो तुमच्यावर नाही चिडलो, उचल घेतली होती एकदा, २०१२ च्या दुष्काळात, म्हणून लागलं.

पण माझा मुद्दा मी सोडणार नाही. गोणीचं वजन ठरवणं वेगळं आणि उतरवायचं फक्त याच टोळीने हे वेगळं. पहिल्यात हमालाची पाठ वाचते, दुसऱ्यात नवीन हमालाला दार बंद होतं. तुमच्या गेटवरच्या त्या दहा जणांना विचारा त्यांना टोळीत घेतात का. आणि पट्टीतली कपात व्यापाऱ्याच्या खात्यावर टाका, माझी ना नाही, मग हमाली दुप्पट करा.

ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. वैध आहे असं म्हणवत नाही आणि अवैध म्हटलं तर कुठे थांबायचं ते कळत नाही. घरी विचारलं, आमच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव नाही. संघटनेचा बिल्ला वीस वर्षं छातीला लावतोय.

सडेतोड

मग मी पण बोलतो. निर्यातबंदी, बियाण्यावरची बंदी आणि एकाधिकार खरेदी, या तिन्हीत सरकारने शहरातल्या माणसाच्या ताटासाठी किंवा स्वतःच्या सोयीसाठी शेतकऱ्याला दाबलं, यात मला बचाव करण्यासारखं काही सापडत नाही. 'पोट भरलेल्यांचं' हा शब्द मी मागे घेतो. दुष्काळाचं मात्र घेणार नाही. ज्याच्या हातात विकायला कांदा आहे त्याला हे तत्त्वज्ञान पुरतं, ज्याच्या हातात फक्त पाठ आहे त्याला पुरत नाही.

हमालाचं_पोर

टोळीचं म्हणता त्यात थोडं खरं आहे. वडील गेल्यावर त्यांचा बिल्ला माझ्या चुलतभावाला मिळाला, बाहेरच्या पोराला मिळाला नसता, हे मला माहीत आहे. आम्ही त्याबद्दल घरात बोलत नाही. पण दार उघडायचं ठरलं तर अडत्याच्या लायसन्सपासून सुरू करा, हमालाच्या बिल्ल्यापासून नको. दर वेळी खालूनच सुरू होतं.

बांधावरून

लायसन्सपासून सुरू करा, हे मी लिहून देतो. आमच्या मार्केटात गाळे तेवढेच आणि आडनावं तीच, माझ्या आजोबांच्या पट्टीवर जे नाव आहे तेच माझ्या पट्टीवर. या एका गोष्टीवर तुम्ही आणि मी सोबत येऊ शकतो, सभेला या, भाषण तुम्ही करा.

हमालाचं_पोर

भाषण नाही जमत. वडिलांचा आकडा घरी आहे अजून, हूक, लाकडी मुठीचा, मूठ झिजून बोटांचे खड्डे पडलेत. तो घेऊन येतो. आणि तुमच्या त्या पट्ट्यांचा गठ्ठा आणा.